मामांच्या ओसरीवरची बाज

माझ्या बायकोच्या मामांना जगातली कुठलीही गोष्ट जमिनीच्या कायद्यात बसवल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा त्यांनी ती बसवली की ब्रह्मदेव आला तरी तिथून हलत नाही. नोकरीभर ते तलाठी होते. निवृत्त होऊन पेडगावला घरी येऊन बसले, पण त्यांच्यातला तलाठी काही निवृत्त झाला नाही. मामींच्या हातून दूध उतू गेलं की हे पंचनाम्याच्या थाटात चुलीपाशी जाऊन उभे राहत. शेजाऱ्याची शेळी अंगणात शिरली तर तिला हाकलण्याआधी "अतिक्रमण" एवढा शब्द खणखणीत आवाजात उच्चारत, म्हणजे शेळीला रीतसर नोटीस मिळाली. पंगतीत कुणी जरा ऐसपैस बसला, तर मधल्या सतरंजीवर बोटानं बांध आखून दाखवायलाही ते कमी करत नसत. माझ्या बायकोचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे हेच घर आणि मी या घरचा एकुलता एक जावई. तरीही या घरात माझा मान ओसरीवरच्या बाजेच्या खालीच होता.

ती बाज मामांच्या मुलाची. शाळेत असल्यापासून तो तिच्यावर झोपायचा. कॅनडाला नोकरीसाठी गेला त्या दिवशीही सकाळी तिच्यावरूनच उठून गेला. आमच्या लग्नानंतर पहिला अधिक महिना आला तेव्हा मामांनी मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि मामींचा आग्रह. जेवण अंगावर आलं आणि मी बाजेवर जरा आडवा झालो, तोच मामा समोर उभे. "उठा जावई," ते म्हणाले. "ती बाज त्याच्या कब्ज्यात हाय. दुसऱ्यानं वहिवाट केली की हक्क लागतो. आज तुमी झोपलात, उद्या म्हणताल मी तर रोजच झोपायलोय."

आतून मामी म्हणाल्या, "आवो, धोंड्याचा जावई हाय. भुईवर कामून झोपवायलात त्याला?"

"जावयाचा हक्क तर लय लवकर लागतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी खाली सतरंजी अंथरली. पुढं मी कधीही गेलो तरी तीच सतरंजी. मांजरसुद्धा बाजेकडं बघून वळसा घालून जायचं. मामा मात्र रोज सकाळी बाज झटकायचे आणि मुलाची निळी चादर तिच्यावर ताठ ओढून ठेवायचे.

मुलाच्या व्हिसाची मुदत वाढली की मामा गावभर पेढे वाटत. लोक हसत. म्हणत, कायमचं झाल्यावर वाटा की, तात्पुरत्याचे कसले पेढे? एकदा देवगाव फाट्यावर मी आणि मामा बसची वाट बघत होतो, तेव्हा शेजारच्या एका अनोळखी गृहस्थानं आमचं बोलणं ऐकून सहज विचारलं, की व्हिसा आणि पीआर, म्हणजे तिकडं कायमचं राहायची परवानगी, यात फरक काय असतो हो. झालं. मामांनी धोतर सावरलं. "सालगडी ठिवलाय का कधी? त्याचं साल पाडव्याला संपतं. धन्यानं ठिवलं तर ठिवलं, न्हाई तर गाठुडं उचलून घरी. व्हिसा तसा. नोकरी सुटली की चला. पीआर म्हंजे कूळ. धनी बदला, गाव बदला, कुणी सहजी हाकलीत न्हाई. पण कुळानं जमीन सोता कसावी लागती. सोडून दुसरीकडं जाऊन बसलं की हक्क जातो. तसं त्याला बी मुक्काम तिकडंच ठिवावा लागतो. अन् एवढं करून मालकी न्हाईच, पासपोर्ट आपलाच ऱ्हातो." तो गृहस्थ म्हणाला, "मंग सालगड्यापरीस कूळ झाल्यालं बरंच की." मामा रस्त्याकडं बघत बसले. एवढ्यात आमची बस येऊन गेलीसुद्धा. दुसरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, आणि तेही माझ्याकडं न बघता: "मुदत हाय तवर परत यायची तारीख हाय."

त्या दिवशी मला पेढ्यांचा अर्थ कळला.

यंदा मुलाचं पीआर झालं. फोनवर मामा म्हणे तीनदा "लय चांगलं झालं" म्हणाले. पेढे मात्र मामींनी वाटले. पुन्हा अधिक महिना आला होता, म्हणून मी धोंड्याला गेलो, तर मामा बरेच वाळलेले दिसले. जेवताना स्वतःहूनच बोलले. "हिनं मला पोखर्णीला धाडलं हुतं, पोराचं काम हू दे म्हणून नरसिंहापुढं नारळ फोडायला. उभा ऱ्हायलो देवापुढं. मागणं तोंडातून निघंना. तुला कळतंय, एवढंच म्हणलो अन् आलो." मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. "त्यानं तिकडं घर घेतलंय," मामा म्हणाले. "म्हणतो, तुमी बी या, आईबापाला लांब मुदतीचा व्हिसा भेटतो. लय दिवस ऱ्हाता येतं म्हणं." ताटातल्या धोंड्याला त्यांनी हातही लावला नव्हता. "जावई, बापाला पोराच्या घरात मुदत. हे कोणत्या कायद्यात बसवू?"

जेवण झाल्यावर सवयीनं मी सतरंजी काढून खाली अंथरायला लागलो.

"वर झोपा," मामा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी उशी झटकून बाजेवर ठेवली आणि माझ्या हातातली सतरंजी काढून घेतली. मी संकोचानं निळ्या चादरीवर आडवा झालो. झोप कसली येतेय. डोळे मिटून पडलो होतो, तर थोड्या वेळानं मामा पायथ्याशी येऊन उभे राहिल्याचं जाणवलं.

"पाय जरा आखडून घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यो तसाच झोपायचा. मला बसायला जागा ऱ्हायची."

मी पाय जवळ घेतले. मामा तिथं टेकले आणि ऊन अंगणातून निघून जाईपर्यंत बसून राहिले.