डब्यातल्या डब्याची नोंद

ये, अशी जवळ सरक. दारातच काहून टेकलीस बाप्पा, पाहुण्यासारखी? आणि आधी तो फोन पालथा ठेव. मागच्या खेपेला मी बोलत होते आणि तू अंगठ्याने काहीतरी वर-खाली सरकवत होतीस. मला दिसत नाही असं वाटतं का तुला? मला तर लिहितानाही समोर कुणीतरी बसलेलं लागतं, नाहीतर वाक्य पुढे सरकत नाही. तर तू बस, चिवडा खा, आणि कंटेनरचं ऐक.

हसू नकोस. मला कंटेनर समजतं. दारव्ह्यात माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा मी एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, आणि झेरॉक्स केलेलं एक इंग्रजी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. एका पानाला आठवडा लागायचा. पण जे डोक्यात गेलं ते पक्कं बसलं. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे रागवायलाही कुणी नव्हतं.

तर ते गुलाबी बोंडअळीचं साल. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं, आणि फोडलं की आत अळी आरामात झोपलेली. जो काही कापूस हाती आला तो भाव वाढेल म्हणून लोक घराघरात भरून ठेवत होते. माझ्या भावाचं घर भरलं, तर त्याने उरलेला आणून माझ्या क्लासात ओतला. "दिवाळीची सुट्टीच हाय ना तुह्या क्लासले," म्हणे. छतापर्यंत पांढरा ढीग, आणि त्या ढिगातून कॉम्प्युटरचं टेबल कसंबसं डोकं वर काढून बसलेलं.

त्याच दिवाळीला त्याची मोठी मुलगी, माझी भाची, पुण्याहून आली. जीपमधून उतरली तीच गप्प. ही पोरगी म्हणजे एरवी जीपमधल्या सगळ्यांचे पत्ते विचारून येणारी. फराळाचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "भूक नाई आत्या."

"दिवाळीत भूक नाई? डॉक्टरकडे चाल."

मग रडलीच. तिच्या ऑफिसातल्या मशीनवरून तीन महिन्यांच्या कामाचं फोल्डर पुसलं गेलं होतं, आणि मशीनच्या नोंदीत तिचं कंटेनर सापडलं होतं. सोमवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर साहेबाला उत्तर द्यायचं, नाही पटलं तर नोकरी खलास. दोन वर्षं फॉर्म भरभरून मिळवलेली नोकरी. तिच्या बापाला तर निमित्तच हवं होतं. तो ओट्यावरून ओरडला, "घरी ये म्हणावं! स्थळं यून राह्यले चांगले!"

"भाऊ, तू आपला कापूस पाय," मी म्हटलं.

आता कंटेनर म्हणजे काय ते सांगते. एका मोठ्या मशीनवर शंभर जणांची कामं चालतात. ती एकमेकांत सांडू नयेत म्हणून प्रत्येकाचं काम वेगळ्या बंद डब्यात चालवायचं. त्या डब्याला म्हणतात कंटेनर. मशीनचा जो मुख्य कारभारी असतो तो प्रत्येक डब्याला नंबर देतो, आणि कोणी काय उघडलं, कोणी काय पुसलं ते एका रजिस्टरात लिहीत बसतो. त्या रजिस्टराला ऑडिट लॉग म्हणतात. भाचीच्या डब्याचा नंबर सात. लॉगमध्ये लिहिलेलं: पुसलं, सात नंबरने.

"पण म्या नाई पुसलं वं आत्या! शेजारच्या टेबलावरचा एक जण म्हणे, तुह्या कंटेनरात आमचं एक लहानसं चालू दे. म्या हो म्हटलं. ते फोल्डरही जोडून देल्लं. आता तो म्हणते, आमचं तर आदल्या दिवशीच बंद झालतं."

"मग तो खोटं बोलते."

"नाई ना! बंद झालतंच. तेही लॉगमध्ये हाय."

हे मला काही उलगडेना. आणि तेवढ्यात माझ्यावरच आळ आला.

आमच्या गल्लीत फराळ स्टीलच्या डब्यांतून फिरतो. प्रत्येक डब्यावर नाव कोरलेलं, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या वास्तूतलं. कोणाचा डबा कोणाकडे गेला याचा घोळ नको म्हणून मी वही ठेवते. गल्लीत माझ्या वहीला कोर्टाइतका मान! शेजारच्या बँकवाल्या वहिनी आल्या त्या दारातूनच बोलत आल्या, "काहो बाई, माही डबी कुठी हाय? लाडवाची? माहेरची हाय ते!"

मी तोऱ्यात वही उघडली. वहिनींच्या डबीचं वहीत नावच नाही. समोरच्या मास्तरीणबाईंचा मोठा डबा मात्र परत गेलेला, तारीख-वार सगळं.

"तुमची डबी माझ्याकडे आलीच नसेल," मी ठणकावून सांगितलं.

"आलीच नसेल? तुमच्या हाती देल्ली म्या! लाडू गोड लागले, डबी विसरले?"

तेवढ्यात मास्तरीणबाई हसत हसत आपला मोठा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो, हा वाजतोय." झाकण काढलं तर आत माझा मधला डबा, आणि त्याच्या आत वहिनींची डबी. घासून झाल्यावर जागा वाचावी म्हणून मीच एकात एक घालून ठेवले होते, आणि देताना वहीत लिहिलं ते फक्त बाहेरच्या डब्याचं नाव! वहिनी माझ्याकडे अशा पाहू लागल्या, अशा पाहू लागल्या की मी चहा ठेवायला पळाले.

मागे भाची एकदम किंचाळली, "आत्या! तीन हायेत!"

"हो गं, पाहिलं मी. सगळ्या गल्लीने पाहिलं."

"नाई, डबे नाई! माह्या कंटेनरात त्याचं, आणि त्याच्यात आणखी एक! त्याचं मधलं बंद झालं, आतलं चालूच राह्यलं असन!"

मी चहा तसाच उकळत सोडला. तिच्या लॅपटॉपवर त्या दोन दिवसांचा सगळा लॉग होता. पण त्यात हजारो ओळी, वर-खाली सरकवताना डोकं फिरायचं. मी म्हटलं, कागदावर काढ. माझ्याकडे क्लासचा जुना प्रिंटर होता, कडेला भोकं असलेल्या घडीच्या लांब कागदाचा. तो लावला आणि त्याने जे करकरायला सुरुवात केली! कागद टेबलावरून कापसावर, कापसावरून दारातून ओट्यावर. भाऊ म्हणाला, "हे काय, पत्रिका छापून राह्यल्या का इच्या?"

आम्ही दोघी कापसाच्या ढिगावर लाल पेन घेऊन पालथ्या पडलो. प्रत्येक ओळीत काम करणाऱ्याचा नंबर असतो आणि त्याच्या आईचा नंबर, म्हणजे कोणत्या कामाने त्याला सुरू केलं. मी ओरडायची, "हा कोणाचा?" ती ओरडायची, "त्याचा!" "अन् तो कोणाचा?" गावात नवीन सूनबाई आली की विचारतात तसं. साठलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे तुला माहीत असेल. आम्ही एका हाताने रेघ मारत होतो, दुसऱ्या हाताने पाठ खाजवत होतो, आणि हसून हसून रेघा वाकड्या होत होत्या.

आणि धागा जाऊन पोचला कुठे? पुन्हा भाचीकडेच. पुसणाऱ्याच्या ओळीत आई म्हणून सातव्या डब्यातलंच काम लिहिलेलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला. "म्हणजे माहंच हाय, आत्या."

मी म्हटलं, थांब. माझ्या त्या झेरॉक्स पुस्तकातलं एक पान मला आठवत होतं, एक आठवडा खाल्लेलं. आई-काम संपलं की पोरकं काम बाहेरच्याच्या नावावर लागतं. "हे आता कोणाकडे राहते ते नको पाहू. जन्मलं तेव्हा आई कोण होती ते पाय."

मग कागदावर उलटे चालत गेलो. अक्षरशः चालत, रांगत, ओट्यापर्यंत. भावाच्या चपलेखालून कागद ओढला. तिथे होती ती ओळ, आदल्या दिवशीची. पुसणारं काम, म्हणजे तोच सगळ्यात आतला डबा, जन्मलं ते त्या शेजारच्या टेबलवाल्याच्या कंटेनरातून, आणि ते होतं जुन्या फायली आपोआप साफ करणारं. त्याने कधीतरी लावलेलं आणि विसरलेलं. बिचारा खोटं बोलत नव्हता, त्याचा डबा खरंच बंद झाला होता. चोर कोणीच नव्हतं! भाची उठून जी नाचली, तशीच मागच्या मागे कापसात पडली. फक्त पाय दिसत होते. मीही पडले. माझं वय विचारू नकोस.

सोमवारी साहेबाचा व्हिडिओ कॉल त्याच खोलीत झाला, कारण नेट तिथेच यायचं. साहेब पहिलं काय बोलला? "तुमच्या मागे हे काय आहे? बर्फ?"

"कापूस, सर." आणि तिने मान खाजवली.

तिने रेघांचे फोटो दाखवत सगळं नीट मांडलं. मी बाजूला, कॅमेऱ्यात न येता बसलेली. साहेबाने एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "हे तुम्ही हाताने शोधलंत? पण प्रत्येक वेळी असं कसं शोधणार?"

माझ्याच्याने राहवलं नाही. मी मान पुढे घातली. "नोंदच तशी करा ना साहेब. एकाच डब्याचं नाव कायले लिहिता? आधी सगळ्यात आतल्याचा नंबर, मग तो ज्याच्या पोटात त्याचा, मग त्याच्या बाहेरच्याचा, अशी ओळीने सगळी माळ लिहा. नंबर कारभाऱ्यानेच द्यायचा, आतल्याला स्वतःचा बदलू द्यायचा नाही. आणि आई गेली तरी आईचं नाव पुसायचं नाही."

"या कोण?" साहेबाने विचारलं.

"आत्या," भाची म्हणाली. एवढंच. जसं काही पद आहे ते ऑफिसातलं.

साहेब हसला. मग त्याने विचारलं, डब्यात डबा किती खोल जाऊ शकतो? माळ फार लांब झाली तर? त्यावर ती आणि तो अर्धा तास बोलत बसले, आणि त्यातलं मला निम्मंच समजलं. पण तिचा आवाज ऐकून मला कळलं की नोकरीचा विषय कधीच मागे पडला आहे. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आत्या, ती नोंद बदलायचं काम मलेच देल्लं!" भावाने आतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिची बॅग स्वतः जीपच्या टपावर बांधायला गेला, आणि ड्रायव्हरला दोनदा बजावलं की आत कॉम्प्युटर आहे, आदळू नको.

आता ती तिकडे असते. अडलं की फोन करते, न अडलं तरी करते. पण फोनवर हात धरता येत नाही ना कुणाचा, आणि पत्रात तर तू समोर बसलीस असं नुसतं मानावं लागतं. म्हणून म्हणते, तूसुद्धा इतके दिवस लावू नकोस. बाजाराच्या दिवशी ये, यवतमाळहून दुपारची जीप असते, घर विसरली असशील तर स्टँडवर उतरून कुणालाही टायपिंगवाल्या बाईंचं घर विचार. लवकर ये गं.