कुंदाची कंबर

कुंदा गेल्याचा निरोप तिच्या भावाने आमच्या बांगड्यांच्या दुकानात आणला आणि त्याच दमात कारणही सांगून टाकलं, ‘बिडीनं घेतलं तिले.’ तिला हिवताप झाला होता, तो मेंदूत गेला, डॉक्टरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं. पण मातीला जमलेल्यांपैकी हिवतापाचं नाव घेणारं एकही माणूस मला भेटलं नाही. बिडी ओढणारी बाई दुसऱ्या कशाने मरूच शकत नाही, असं गावाने केव्हाच ठरवून ठेवलं होतं...

आरमोरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे आणि पावसाळ्यात अख्खं घर धानाच्या रोवणीला जायचं, त्यामुळे रोवणी असेपर्यंत कुंदा शाळेत दिसायची नाही. दिवसभर चिखलात वाकून राहायचं, आणि पाठ सरळ करायला कोणी उभं राहिलं की मालक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शिव्या घालायचा. सूट फक्त बिडी ओढणाऱ्यांना होती. बिडी पेटवली की धुऱ्यावर टेकायचं, ती विझेपर्यंत कोणी हटकायचं नाही. मालक स्वतः ओढणारा, त्याला तलफ कळायची, दुखणं कळायचं नाही. मग कुंदाही म्हाताऱ्या बायांबरोबर ओढायला लागली. ‘पयले पयले ओकारी ये,’ ती मला म्हणाली होती, ‘पण बसाले भेटे ना वो!’

आठवीत तिच्या दप्तरात बिडी सापडली. मुख्याध्यापकांनी गालातला तंबाखूचा खर्रा खिडकीबाहेर थुंकला आणि प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्यांसमोर उभं करून मुली कशा वाया जातात ते समजावलं. तेवढ्यावर भागलं नाही. मुलींच्या शिबिरासाठी शहरातून एक मॅडम आल्या होत्या, त्यांच्यापुढे तिला बसवलं. घरी भांडणं होतात का, संगत कशी आहे, स्वतःविषयी कमीपणा वाटतो का, असं त्या फार गोड आवाजात विचारत होत्या. कुंदा म्हणाली, ‘कंबर दुखते, मॅडम.’ सगळा वर्ग खिदळला. मॅडम हसून म्हणाल्या, ‘घाबरू नकोस, मोकळेपणाने बोल.’ याहून मोकळं काय बोलायचं असतं, हे मला अजून समजलेलं नाही. तोवर कुंदाला कमीपणा वाटत नव्हता, तो त्या दिवसापासून वाटू लागला. ती परत शाळेत आली नाही, आणि अशी पोरगी घरात नको म्हणून वडिलांनी लवकरच तिचं लग्न लावून दिलं. मला त्या वर्गाचा आजही संताप येतो.

पुढे कुंदाने स्वतःच रोवणीचे गुत्ते, म्हणजे ठेके, घ्यायला सुरुवात केली. टोळीत बाया होत्या, तशा शाळा बुडवून आलेल्या पोरीही. तिने बिडी पेटवली की सगळ्यांनी बसायचं, हा तिचा कायदा. एकदा मी धुऱ्यावर उभी असताना मालक कुरकुरला, ‘ह्या पोरी काऊन बसल्या? ह्या कुठी बिडी पितेत?’

‘त्याहिच्या वाट्याची मी पेतो ना, भाऊ,’ कुंदा धूर सोडत म्हणाली.

आणि ती खरंच प्यायची. पोरींना दम मिळावा म्हणून एकीवर दुसरी पेटवायची आणि खोकत राहायची. मी चिडायची, तर म्हणायची, ‘तू बांगड्या वीक मुकाट्यानं.’ अशी बाई मला दुसरी भेटली नाही, आणि तिला वाया गेलेली म्हणणाऱ्यांना मी माफ करणार नाही.

तेरवी झाल्यावर मी परत तिच्या घरी गेले. रोवणी उरकायची होती, टोळी आता दुसऱ्याच्या हाताखाली होती. तिची मुलगी प्रियंका, तेरा-चौदा वर्षांची, नुकतीच धानाच्या बांधीतून येऊन अंगणात पाय धूत होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, ‘काही लागलं तर सांग गं. वह्या, कपडे... लाजायचं नाही.’

तिने दाराकडे बघून घेतलं. बाप आत होता. मग हळूच म्हणाली,

‘मावशी, एक बिडीचा कट्टा आणून देजो. माय होती तवा नाई लागे.’