मोडनिंबच्या पुढं उतरवलेली गाडी

वडिलांशी मी आजही कामापुरतंच बोलते. लोकांना वाटतं, जमिनीवरून नाहीतर लग्नावरून बिनसलं असेल. बिनसलं ते एका गाडीवरून.

सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग बनवायची आमची शेड होती. तिथं अप्पांनी आणि मी चार वर्षं खपून दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवली. भंगारातल्या गाडीचं इंजिन सीटच्या मागं बसवलं. पत्रा अप्पांनी ठोकला. सांगाडा मी जोडला, एकूण एक वेल्डिंग माझं. मनगटावर ठिणग्यांचे डाग अजून आहेत. गाडी तयार झाल्यावर मात्र चावी त्यांच्या खिशात गेली. ते आवारात फिरवून आणायचे आणि मी फाटक उघडायचे.

पुण्यात घरी बनवलेल्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. पिकअप मी चालवणार होते, मागं ट्रेलरवर गाडी. चढवतानाच आमचं वाजलं.

"अप्पा, उलटी चढवा. इंजिन मागं आहे, सगळं वजन ट्रेलरच्या शेपटाकडं जाईल."

"लोकांना काय बूड दाखवत जायचं? तोंड पुढंच पाहिजे."

तोंड पुढंच राहिलं.

मोडनिंबला चहाला थांबलो तर ट्रेलरभोवती ही गर्दी. एका ट्रकवाल्यानं वाकून खालचे जोड बघितले. "लई साफ काम हाय. कुणी केलं?"

"मीच की," अप्पा म्हणाले.

"आणि ह्या ताई?"

"पोरगी हाय माजी. हाताखाली पाने द्यायला असती."

मी चहा तसाच ठेवला आणि पिकअपमध्ये जाऊन बसले.

तिथून निघाल्यावर मी जरा जास्तच वेगात होते, हे कबूल करते. एका उतारावर ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग इतका की पिकअपचं मागचं अंग ओढलं जाऊ लागलं. शेजारच्या बसनं कर्कश हॉर्न दिला. ब्रेक न मारता मी पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि कशीबशी सर्व्हिस रोडला येऊन थांबले.

"चालवता येत न्हाय तर तसं सांगायचं," अप्पा म्हणाले.

"चावी द्या. उतरवून उलटी चढवायचीय."

"मी उतरवतो."

"हात बघा तुमचे."

दाराची कडी त्यांच्या हातातून दोनदा निसटली. त्यांनी चावी माझ्या हातात दिली नाही, डॅशबोर्डवर टाकली.

मी पट्टे सोडले, फळ्या लावल्या, गाडी रिव्हर्समध्ये खाली घेतली. आणि परत चढवायच्या ऐवजी उसातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यानं सरळ निघून गेले. "ए! ए, थांब की!" अप्पा मागं ओरडत राहिले. तिसऱ्या गिअरलासुद्धा सांगाडा कुरकुरला नाही. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग येत होता, आणि त्यांना उन्हात उभं ठेवल्याचं बरं वाटत होतं. पुढं एका वळणावर मेंढरांनी रस्ता भरला होता, म्हणून परत फिरले. नाहीतर किती लांब गेले असते कोण जाणे.

आले तेव्हा ते ट्रेलरच्या चाकाला टेकून बसले होते. "क्लच जाळलास," एवढंच म्हणाले. मी गाडी उलटी चढवली. पुण्यापर्यंत ट्रेलर एकदाही डुलला नाही.

प्रदर्शनात एका परीक्षकानं वेल्डिंगबद्दल विचारलं. अप्पा तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सगळं माझं आहे." परीक्षकानं खात्री करायला त्यांच्याकडं बघितलं.

"असंल," अप्पा म्हणाले आणि फडक्यानं बोनेट पुसायला लागले.

परतीच्या वाटेवर इंदापूर मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "जेवायला थांबायचं का कुटं?"

मला भूक लागली होती. मी गाडी थांबवली नाही.