आधी विचारपूस

कळसला माझ्या औषधाच्या दुकानात एक सिस्टर यायच्या. मूळच्या आमच्याच भागातल्या, पण मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून बरीच वर्षं आफ्रिकेतल्या एका खेड्यात काढलेल्या. आता सुट्टीवर आल्या होत्या. चिठ्ठी देताना डावा हात उजव्या कोपराला लावायच्या. ती म्हणे तिकडची रीत.

पण चिठ्ठी लगेच निघायची नाही. "रात्री झोप लागली का? आईचा गुडघा कसा हाय? म्हैस कधी व्यायची?" सगळी उत्तरं ऐकून घेतल्यावरच औषधाचा विषय. मी एकदा हसलो, तर म्हणाल्या, "तितं विचारपूस न करता कामाचं बोललं की माणूस दुखावतो. पहिल्या वर्षी मी एकदम 'काय दुखतंय' म्हणून विचारायची, तर बाया दवाखान्यात यायच्याच बंद झाल्या."

एका बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी होती. त्यांनी "झोप लागली का" म्हटल्याबरोबर मी तोडलं, "सिस्टर, काय पाहिजे ते पटकन सांगा."

 "काय न्हाय," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी शेजारचा चहावाला म्हणाला, "सिस्टर दुपारच्या गाडीनं गेल्या की! पुन्हा आफ्रिकेला. सगळ्यांचा निरोप घेत फिरत व्हत्या. तुमच्याकडं न्हाय आल्या?"

चौथ्या दिवशी म्हैस व्यायली, रेडी झाली. दुकानात दिवसभर गिऱ्हाईकं येत राहिली. प्रत्येकानं आधी चिठ्ठीच पुढं केली.