न वापरलेली बॅटरी
परवा नवा यूपीएस टूं टूं वाजला आणि आमच्या मूल गावातली ती दुपार आठवली. आमच्या पहिल्या यूपीएसची बॅटरी टिकावी म्हणून बाबा तो वापरूच देत नसत. कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटवर आणि यूपीएस टॉवेलखाली. “वापरलीच नाई तं खराब कशी होईन?” असं ते म्हणत. ताईच्या नर्सभरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती आणि लाइट गेली. बाबांनी ऐटीत टॉवेल काढला, यूपीएस जोडला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. मग बाबांनी ताईला कॉम्प्युटरसकट स्कूटरवर बसवून जवळच्या राइस मिलमध्ये नेलं, कारण तिथे जनरेटर होता. यूपीएस कडेवर घेऊन मी मागे पळत होतो. कोंड्याच्या धुळीत शिंकत शिंकत, मोबाइलच्या नेटवर ताईने अर्ज भरला. मिलच्या मिस्त्रींनी यूपीएस उघडून पाहिला. “भाऊ, बॅटरी पडून राह्यली तं मरते. चार्जिंगले लावून ठेवा, अन् मधून मधून चालवत जा.” बाबा म्हणाले, “मले माहीत होतं. पोरीले सांगाचं राह्यलं.” ताई आता नर्स आहे. मी अधूनमधून मुद्दाम नव्या यूपीएसचा प्लग काढून बॅटरीवर कॉम्प्युटर चालवतो, तेव्हा बाबा उठून अंगणात जातात. त्यांना ते पाहवत नाही.