कंपनीतून आली तशी

वेल्मा अर्चुलेताला राग आला की ती ओरडत नाही, घासायला बसते. गेल्या ऑक्टोबरपासून तिच्या गॅरेजातून असा करकर आवाज यायला लागला की आमच्या गल्लीतली कुत्री तिच्या फाटकाशी पाय वर करायची बंद झाली. हिवाळ्याभरात तिने घरातले चाकू, कात्र्या, कुदळ, दाराच्या बिजागऱ्या, सगळं लख्ख करून टाकलं. तिचा नवरा बेनी नळदुरुस्ती करतो आणि जमेल तेव्हा जीभ चालवतो. तो म्हणायचा, "आता घरात मीच तेवढा गंजलेला उरलोय. म्हातारे, माझ्याकडे अशी बघू नकोस."

राग एकाच माणसावर होता, डेल हॉफस्टेटरवर. हा चाकांवरची घरं विकतो. मैदानावर मात्र त्याला 'कर्नल' म्हणायचं. आमच्या काऊबॉय नेमबाजीत प्रत्येकाला एक सोंगाचं नाव घ्यावंच लागतं, कपडे दीडशे वर्षांपूर्वीचे आणि बंदुकाही त्याच नमुन्याच्या. दोन रिव्हॉल्व्हर, खालची कडी ओढून चालवायची रायफल आणि एक दुनळी. समोर लोखंडी ताटं असतात, मागे घड्याळ घेतलेला माणूस असतो, आणि जो लवकर ताटं वाजवील तो शहाणा. डेलने फौजेत एक दिवस काढलेला नाही, पण टोपीला सोनेरी दोरी आहे. वेल्माचं नाव 'ब्लॅक कॉफी'. ते तिला शोभतं. कडू, आणि साखर विचारायची कोणाची छाती नाही.

पण हात! साठीला टेकलेली ही बाई दिवसभर शाळेच्या बसगाड्यांखाली उताणी पडून ब्रेक बांधते आणि संध्याकाळी त्याच बोटांनी बंदुकीच्या पोटातली केसाएवढी खाच ओळखते. सहा वर्षांपूर्वी डेल तिच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याने लांब नळीची, चांदीसारखी चमकणारी दोन वजनदार रिव्हॉल्व्हरं आणली होती. वेल्माने विचारलं, रानरेडा मारायला निघालास की ताट वाजवायला? मग त्याचा अंगठा धरून मापला. अंगठा आखूड. तो घोड्यापर्यंत पोचायला दर वेळी मूठ सैल करावी लागणार आणि तेवढ्यात शेजारचा दोन ताटं वाजवून मोकळा होणार. तिने त्याला ती धुडं विकायला लावली. बारीक मुठीची, आखूड नळीची, हलक्या काडतुसाची जोडी स्वतः दुकानात जाऊन हाताळून निवडली. मग तीन आठवडे बसून घोड्याच्या जाड स्प्रिंगा काढून पातळ घातल्या. रायफलचा बाजूचा पत्रा उघडून आतले सांधे बदलले, त्यामुळे जी कडी हातभर ढकलावी लागायची ती वीतभर ढकलून काम व्हायला लागलं.

काढलेला मूळचा भाग वेल्मा कधी फेकत नाही. तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालते, वर पट्टी चिकटवून मालकाचं नाव लिहिते आणि फळीवर ठेवते. कोणाचं मन बदललं तर परत बसवता यावं म्हणून. अशा चाळीस-पन्नास डब्या आहेत. डेलची खालच्या ओळीत, डावीकडून तिसरी.

गेल्या ऑक्टोबरच्या मोठ्या सामन्यात डेल पहिला आला. वेल्मा पुढच्याच बाकावर बसली होती, न्हाऊन, केस विंचरून. कारण तिने ठरवलं होतं की हा सामना झाला की बसगाड्यांची नोकरी सोडायची आणि पूर्ण वेळ हेच काम करायचं. सात जणांनी तोंडी सांगून ठेवलं होतं की आमच्याही बंदुका तुझ्याकडेच. आता विजेत्याने भोंग्यावरून फक्त तिचं नाव घ्यायचं होतं. डेलने बक्षीस घेतलं, दोरी सावरली आणि म्हणाला, "लोक विचारतात, आत काय केलंय. काही नाही. खोक्यातून काढली, कंपनीतून आली तशी. बंदूक चालत नसते मंडळी, हात चालतो."

टाळ्या पडल्या. सातांपैकी सहा जणांनी आठवडाभरात नकार कळवला. हात चालतो म्हटल्यावर बंदुकीवर खर्च कशाला? वेल्मा हिवाळाभर पुन्हा गार सिमेंटवर, बसगाडीखाली.

बेनी रोज म्हणे, त्याला तोंडावर विचार. तिने विचारलं. मार्चमध्ये डेल दोन्ही रिव्हॉल्व्हरं आणि रायफल साफ करायला घेऊन आला, जणू काही झालंच नाही. वेल्माने पाना खाली ठेवला आणि विचारलं की तू असं का बोललास. डेल हसला. म्हणाला, "राणी, लोकांना असंच ऐकायला आवडतं. जेवण छान झालं म्हणतात, शेगडी कोणी पेटवली ते कोणी विचारतं का?"

वेल्माने बंदुका ठेवून घेतल्या. एप्रिलच्या सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानावरच देते म्हणाली. डेल गेल्यावर बेनीने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. घासायचा आवाज नव्हता. वेल्मा खालच्या ओळीतली डावीकडून तिसरी डबी काढून उघडत होती. बेनीने हिरव्या मिरचीचा रस्सा ताटलीत वाढून तिच्यापुढे ठेवला आणि गुपचूप मागे सरकला. एवढी वर्षं संसार केलेल्या माणसाला कळतं, कधी हसायचं नाही ते.

तिने पातळ स्प्रिंगा काढल्या, जाड बसवल्या. रायफलचे आखूड सांधे काढले, मूळचे घातले. काम नेहमीसारखंच चोख केलं. शंभर वेळा कडी ओढून बघितली, काही अडत नाही ना, काही धोका नाही ना. राग माणसावर होता, बंदुकीवर नव्हता.

सामन्याच्या सकाळी डेमिंग गावाच्या बाजूने असला वारा सुटला होता की टोप्या धरून लोक रांगेत उभे होते. नाव नोंदवायच्या टेबलापाशी पंचवीस माणसं असतील. वेल्माने बंदुकांची पेटी सर्वांसमोर टेबलावर ठेवली.

"कर्नल, घे. अगदी कंपनीतून आली तशी आहे."

लोक हसले, डेलही हसला. आपलं खोटं बाईने भर सभेत खरं करून दिलं असं त्याला वाटलं. तिच्या खांद्यावर थाप मारून तो म्हणाला, ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आमच्याकडे नियम असा की रांगेत बंदूक रिकामी चालवून बघायची नाही. गोळ्या भरायच्या टेबलावर भरायची आणि थेट मैदानात जायचं.

घड्याळ वाजलं. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढताना डेलचा अंगठा अडखळला. एवढा जड? कशाबशा दोन्हींच्या मिळून दहा गोळ्या झाल्या. मग रायफल उचलली. सहा वर्षं त्याच्या हाताला वीतभर कडी ढकलायची सवय. त्याने वीतभर ढकलली आणि मागे ओढली. पण ही कडी हातभर मागत होती. रिकामं काडतूस आतच अडकलं. त्याने झटकून काढलं, एक ताट वाजवलं, पुन्हा हात वीतभरच गेला. पुन्हा अडकलं. हाताला कोण सांगणार? शेवटी उरलेल्या आठ गोळ्या तशाच ठेवून त्याने रायफल टेबलावर आपटली. न वाजलेल्या प्रत्येक ताटाला पाच सेकंद दंड असतो.

तो तरातरा वेल्माकडे आला. चेहरा तांबडा, दोरी कानाशी लोंबतेय.

"काय केलंस तू हिला?"

"काही नाही," वेल्मा म्हणाली. "खोक्यातून काढली तशी दिली. सर्वांसमोर सांगितलं, तू थाप मारलीस. हात चालतो ना? चालव."

बिघडवली म्हणावं तर आधी सुधारली होती हे कबूल करावं लागतं. दोन दिवसांचे दहाही डाव त्याने त्याच रायफलने काढले. वेल्माने स्वतःचे डाव खेळले, चौदावी आली, पण तिचं लक्ष ताटांवर नव्हतंच.

आमच्या क्लबाची एक खोड आहे. पहिल्याला बक्षीस, आणि शेवटच्याला घोड्याचा जुना गंजका नाल. तो घेणाऱ्याला भोंग्यावर येऊन सांगावं लागतं की का हरलो. रविवारी दुपारी नाल घ्यायला कर्नल उभा राहिला. त्याने वाऱ्याला दोष दिला, काडतुसांना दिला. कोणी हसेना. मग मागून बेनीने शांतपणे विचारलं, "कर्नल, बंदूक कशी होती?"

डेलने नाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"कंपनीतून आली तशी," तो म्हणाला. आता मात्र असा हशा उठला की त्याला थांबावं लागलं. "ऑक्टोबरात नव्हती. ऑक्टोबरात वेल्माने केलेली होती. निवडलीही तिनेच." मग तो म्हणाला, "मी खोटं बोललो."

टाळ्या थोड्याच पडल्या, पण संध्याकाळपर्यंत वेल्माच्या गाडीपाशी माणसं थांबली होती. सहापैकी चौघे परत आले, शिवाय पाच नवे. तिने सगळ्यांचे अंगठे मापले. हसली एकदाही नाही. सहा महिने गार सिमेंटवर पडलेली पाठ दोन वाक्यांनी बरी होत नाही, असं ती बेनीला म्हणाली, आणि पुढचं मी लिहिणार नाही.

सर्वांत शेवटी डेल आला, टोपी हातात घेऊन. त्याची डबी तिच्या जाकिटाच्या खिशातच होती, आता आत आखूड सांधे आणि पातळ स्प्रिंगा. ती खिशाबाहेरून दिसत होती.

"वेल्मा, आत्ता बसवून देशील? अर्ध्या तासाचं तर काम."

"वेल्माबाई," ती म्हणाली.

"वेल्माबाई."

"रांगेत ये. तुझ्या आधी नऊ जण आहेत."