दौलूमामांची न सुटलेली कुस्ती

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका फाशामुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो फासा ल्युडोच्या डब्यातून मीच काढला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका हायस्कूलला गणित शिकवत होतो. वर्गातली पोरं बाकाखाली परदेशी पैलवानांच्या चित्रांचे पत्ते खेळायची. ते मी जप्त करायचो आणि स्टाफरूममध्ये बसून स्वतः खेळायचो. (जप्त केलेल्या मालाची तपासणी करावी लागते!) तेव्हा लक्षात आलं, की या खेळात काही राम नाही. ज्याची उंची जास्त तो जिंकला, ही काय कुस्ती झाली? आम्ही कोल्हापूरची माणसं, आम्हाला कुस्ती शिकवता व्हय? (मी स्वतः आखाड्यात एकदाच उतरलो होतो. वस्तादांनी मला खालून वर बघितलं आणि "आधी जेवून ये जा" म्हणून परत पाठवलं.)

तर मी स्वतःचा खेळ काढला. नाव 'मैदान'. पुठ्ठ्यावर आखलेला गोल आखाडा आणि प्रत्येक पैलवानाचा एक पत्ता. पत्त्यावर तीन आकडे : ताकद, चपळाई आणि दम. दोघांनी फासा टाकायचा, त्यात आपापली ताकद मिळवायची. ज्याचं जास्त भरेल त्यानं समोरच्याचा दम कमी करायचा. चपळाई जितकी, तितके डाव चुकवता यायचे. दम संपला की चीत!

आता पैलवान कुठून आणायचे? लांब जावं लागलं नाही. बहिणीच्या, म्हणजे वैशालीच्या, लग्नासाठी आठवडाभर आधीपासून घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि लग्नपत्रिकाही भरपूर उरल्या होत्या. मी एकेका नातेवाइकाला एकेका पत्रिकेच्या पाठीवर उतरवला. म्हणजे पुढून गणपती आणि 'अगत्य येण्याचे करावे', आणि मागून आमची आत्या, दम नऊ.

यातले दोन पत्ते महत्त्वाचे. पहिला तात्यांचा. तात्या म्हणजे माझे चुलते. तरुणपणी तालमीत जायचे. आता खोलीत आधी त्यांचं पोट यायचं आणि मागून सावकाश तात्या. दुसरा दौलूमामांचा. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ, शाहूवाडीकडचा, भाताच्या काडीसारखा सडसडीत. आपण समोरच्याला कधीही लोळवू शकतो, अशी दोघांचीही खात्री होती. सोयरिकीमुळे तेवढं राहून गेलं होतं.

गणिताच्या मास्तराला न्याय म्हणजे बेरीज. मी सगळ्यांना वीस-वीस गुण वाटले. तात्या : ताकद बारा, चपळाई दोन, दम सहा. मामा : ताकद तीन, चपळाई अकरा, दम सहा. विसाला वीस! याहून समान वाटणी वडिलोपार्जित जमिनीचीसुद्धा होत नाही.

संध्याकाळी चहानंतर पहिली कुस्ती लागली. मामा चीत. दुसरी लागली. मामा चीत. तिसरीला मामांनी फाशाला फुंकर मारली, कपाळाला लावला, टाकला. मामा चीत!

"भाच्या," मामा म्हणाले, "माझी बेरीज किती?"

"वीस."

"आन् तात्यांची?"

"वीसच की, मामा."

"मग परत्येक टायमाला मीच का उताणा?"

याचं उत्तर मलाही त्याच क्षणी कळलं. चपळाईनं फक्त मार चुकतो, मार देता येत नाही. मामा अकरा वेळा पळू शकत होते, पण पळून कुस्ती कुणी जिंकली आहे? मी हे नीट शब्दांत मांडणार तेवढ्यात तात्या पोट धरून हसायला लागले. "पावणं, बेरीज पाटीवर असती! आखाड्यात नुसती वजाबाकी!"

मामा उठले. आत गेले. पिशवी घेऊन बाहेर आले.

"आमच्याकडची मलकापूर गाडी किती वाजता हाय?"

सगळं घर गार! मंगलाष्टकांच्या आधी भटजी हाळी देतात, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" मग मामा भाचीला हात धरून अंतरपाटापाशी आणतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. आणि आमच्या मुलीचा मामा पायात चपला घालत होता. वैशाली दारात उभी राहून रडकुंडीला आली होती. दौलूमामांच्या खांद्यावर बसून जिनं आख्खी शाहूवाडी बघितली, ती दुसऱ्या कुणाच्या हातानं बोहल्यावर चढायला तयारच नव्हती.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"त्याला जिंकव."

"आई, असं कसं जिंकवणार? खेळात समतोल असतो."

"तुझा समतोल घाल चुलीत! मामा गेला तर त्याच्या जागी तुला उभा करू व्हय? जिंकव!"

मी मामांची गाडी अडवली, म्हणजे त्यांची पिशवी धरून बसलो, आणि त्यांच्या पत्त्यावर एक खास डाव लिहिला : रुसवा. (प्रेरणा समोरच चपला घालून उभी होती.) मामा रुसले, की समोरच्याची पाळी समजूत काढण्यात जाणार आणि मामांचा गेलेला दम भरून येणार. शिवाय त्यांची ताकद वाढवून तात्यांच्या बरोबरीला आणली. बेरीज मोडली, पण म्हटलं, घर मोडण्यापेक्षा बेरीज मोडलेली बरी.

दुसऱ्या दिवशी मामांनी असा काही रुसवा धरला, की तात्या नुसतीच समजूत काढत बसले. चीत! परत चीत! मामांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि जेवताना आणखी एक भाकरी मागून घेतली.

आता तात्या उठले. मंगल कार्यालय, आचारी, बँड, जिलेबी, सगळं तात्यांच्या हातात.

"मी लग्नाला येतो की," तात्या शांतपणे म्हणाले. "अक्षता टाकतो, जेवतो, जातो. आचाऱ्याला काय सांगायचं ते तुमचं तुमी बगा."

आई पुन्हा माझ्यासमोर. "आता ह्यांनाबी जिंकव."

"आई, दोघंही कसे जिंकतील?"

"मास्तर हायस न्हवं? कशाचा पगार घेतोस मग?"

हळदीच्या दिवशी सगळे एकमेकांना हळद फासत होते आणि मी माडीवर आकडेमोड करत होतो. शेवटी तात्यांनाही एक डाव दिला : बैठका. मामा रुसले असताना तात्या नुसतं बसून न राहता बैठका मारणार आणि त्यांचाही दम भरून येणार. फाशाचा प्रत्येक आकडा धरून हिशेब मांडला. जोड अशी तोडीस तोड लागली होती, की एकाला दुसऱ्यापेक्षा तसूभर जास्त संधी नव्हती. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. (हात पोचत नाही. तरीही मारली.)

एकच गोष्ट मी केली नव्हती. खेळून बघितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी, कार्यालयात मुलीकडच्या खोलीत, दोघं पटका आणि कोट घालून आखाड्याशी बसले. "एकच," मामा म्हणाले. "निकाली."

तात्यांनी दम काढला, मामा रुसले, दम भरला. मामांनी दम काढला, मामा सवयीनं परत रुसले, तात्यांनी बैठका मारल्या, दम भरला. पुन्हा तेच. पुन्हा तेच! मी अशी कुस्ती लावली होती जी गणितानं सुटणारच नव्हती.

बँड थांबला. माईकवरून हाळी आली : "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

"आलो!" मामा फासा हलवत म्हणाले. "एवढा डाव हुंद्या."

बाहेर लोकांच्या मुठीत अक्षता घामानं भिजायला लागल्या. आमचे वडील मांडवात वरपक्षाला सांगत होते, "मामा कपडे बदलायलेत." दुसरी हाळी झाली. तिसरीला भटजींचा आवाज चिरकला. "मुलीचे मामा! मुहूर्त टळायलाय, ओ मामा!"

"आपण बरोबरीत सोडवूया का?" मी भीत भीत विचारलं.

दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी रश्श्यात साखर घातली.

"बरोबरी?" तात्या गरजले. "कोल्हापुरात? लोक दगडं मारतील, सुक्काळीच्या!"

"व्हय तर!" मामा म्हणाले. त्या आठवड्यात दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच.

तेवढ्यात दार उघडलं. मुंडावळ्या, शालू, हातभर हिरवा चुडा. स्वतः नवरी! तिनं पुठ्ठ्याकडं बघितलं.

"कोन जिंकायलंय?"

"कोनीच न्हाय," मी म्हणालो.

"कधी सुटंल?"

"सुटायची नाही. मी फार बरोबर केलंय."

वैशालीनं माझ्यावर डोळे वटारले. मग वाकली, एका हातानं मामांचा हात धरला, दुसऱ्यानं तात्यांचा, आणि मैदानात पंच विजयी मल्लाचा हात वर करतो तसे दोघांचे हात वर केले. "दोघंबी जिंकलं! उठा!"

तात्यांचा हात तिनं सोडला. मामांचा सोडला नाही. तशीच बाहेर पडली. रिवाजानं मामा मुलीला घेऊन येतो; आमच्याकडं मुलगी मामाला घेऊन आली. अंतरपाटापाशी पोचेपर्यंत दौलूमामा पटक्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होते, आणि मागून तात्या ओरडत होते, "वाजीव की रं बँडवाल्या! बगतोस काय?"

जेवणाच्या पंगतीत हातकणंगल्याचे आमचे व्याही मामांच्या शेजारी बसले. उशीर का झाला, हे एव्हाना सगळ्या कार्यालयाला कळलं होतं.

"एवढा भारी खेळ," व्याह्यांनी विचारलं, "केला कुनी?"

"आमच्या भाच्यानं," मामा अभिमानानं म्हणाले. "आकडं मांडून केलाय. हायस्कूलला गणित शिकवतोय त्यो!"

व्याह्यांनी जिलेबी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मग पलीकडं बसलेल्या नवऱ्या मुलाकडं वळून म्हणाले, "पोरंबाळं झाली की शाळा आपल्या हातकणंगल्यातच बघायची बरं का."

माझी दोन्ही भाचरं हातकणंगल्यातच शिकली. दोघांचंही गणित उत्तम आहे.